तिऱ्हाइताचा विमा

मराठीत 'जोखीम' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. धोका हा त्याचा एक अर्थ, आणि दुसऱ्याने विश्वासाने आपल्या हवाली केलेली मोलाची वस्तू हा दुसरा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारात पूर्वी 'जोखमी हुंडी' नावाची एक हुंडी चालत असे. गलबतातून पाठविलेल्या मालावर ती लिहिली जाई, आणि माल बंदरात सुखरूप उतरला तरच तिचे पैसे द्यावे लागत. गलबत बुडाले की हुंडीही बुडाली. हुंडी घेणारा सावकार एका परीने मालाचा विमाच उतरवीत असे. असा सावकार गलबत नवे की जुने, तांडेल हुशार की आडदांड, आणि हंगाम कोणता, हे पाहिल्यावाचून पैसे मोकळे करीत नसणार, हे सांगायला नको. जोखमीचे मोल जोखीम पत्करणाऱ्याच्या वर्तनाप्रमाणे कमीजास्त व्हावे, ही कल्पना आपल्याकडे परकी नाही.

परंतु या जुन्या व्यवहारात माणसे दोनच होती: ज्याचा माल तो, आणि ज्याने जोखीम पत्करली तो. गलबत बुडाले तर किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचे काही बिघडत नसे. मोटार रस्त्यावर आली आणि विम्याच्या व्यवहारात एक तिसरा मनुष्य शिरला. त्याने कोणाशी करार केलेला नाही, हप्ता भरलेला नाही, पुष्कळदा तर जन्मात मोटारीत पाऊलही टाकलेले नाही. तो रस्त्याच्या कडेने बाजाराला किंवा शाळेला निघाला होता, एवढाच त्याचा या व्यवहाराशी संबंध. कायद्याच्या भाषेत तो 'तिऱ्हाईत' ठरला. मोटारविम्याचा इतिहास हा मोटारवाल्याचा इतिहास आहे असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. आमच्या मते तो या तिऱ्हाइताचा इतिहास आहे. अपघातांचा आणि बेदरकार हाकण्याचा विम्यावर काय परिणाम होतो, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या बाजूने शोधले तरच ते नीट सापडते.

१८९६ च्या ऑगस्ट महिन्यात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात काही मोटारी लोकांना दाखविण्यासाठी फेऱ्या मारीत होत्या. त्यांपैकी एका गाडीखाली सापडून पायी जाणारी एक बाई मरण पावली. इंग्लंडात मोटारीने पादचाऱ्याचा बळी घेतल्याची ही पहिली घटना मानली जाते. चौकशी झाली, 'अपघाती मृत्यू' असा निर्णय झाला, आणि खटला कोणावरही झाला नाही. त्या काळच्या कायद्याप्रमाणे मृताच्या वारसांना भरपाई हवी असेल तर मोटार हाकणाऱ्याची हयगय त्यांनी पुराव्यानिशी सिद्ध केली पाहिजे, असा दंडक होता. ज्याला साक्षीदार मिळाले नाहीत तो हरला. ज्याला मिळाले त्याच्यापुढे दुसरी अडचण उभी राही. हाकणाऱ्याजवळ पैसेच नसले तर हुकूमनामा घेऊन काय करायचे? मोटारी श्रीमंतांच्या होत्या तोवर ही अडचण फारशी जाणवली नाही. पहिल्या महायुद्धानंतर त्या मध्यम स्थितीतील लोकांच्या हाती आल्या आणि तिचे खरे स्वरूप उघडे पडले. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, हाकणाऱ्याने विमा उतरविलेला असला आणि तो दिवाळखोर झाला, तर विम्याचे पैसे त्याच्या सगळ्या सावकारांत वाटले जात. ज्याचा पाय तुटला तो वाण्याच्या आणि शिंप्याच्या रांगेत उभा राही.

इंग्लंडच्या पार्लमेंटाने १९३० साली हा दोष दूर केला. तिऱ्हाइताला थेट विमा कंपनीकडून पैसे मागण्याचा हक्क देणारा कायदा त्या वर्षी झाला, आणि त्याच वर्षीच्या रस्ते वाहतूक कायद्याने तिऱ्हाइताच्या इजेचा विमा प्रत्येक मोटारवाल्यावर सक्तीचा केला. गंमत अशी की, ज्या कायद्याने विमा सक्तीचा केला त्यानेच मोटारींवरील ताशी २० मैलांची जुनी वेगमर्यादा उठविली. एका हाताने लगाम सैल सोडला आणि दुसऱ्या हाताने औषधाची बाटली पुढे केली, असा हा प्रकार झाला. त्या सुमारास ब्रिटनमध्ये रस्त्यांवर वर्षाला ७ हजारांहून अधिक माणसे मरत होती, आणि रस्त्यावरील मोटारी २५ लाखसुद्धा नव्हत्या. अखेर १९३४ सालच्या कायद्याने वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा पुन्हा घातली, नव्या चालकांना परीक्षा सक्तीची केली, आणि विमाधारकाच्या चुकीवर बोट ठेवून विमा कंपन्या तिऱ्हाइताला रिकाम्या हाताने परत पाठवीत त्यालाही पुष्कळ आळा घातला. तरीही विमा न उतरविणाऱ्यांचे काय, हा प्रश्न उरलाच. त्यासाठी १९४६ साली तेथील विमा कंपन्यांनी एक संयुक्त मंडळ काढले. विमा नसलेल्या गाडीने कोणाला जायबंदी केले तर भरपाई या मंडळाने द्यावयाची. ते पैसे येतात प्रामाणिकपणे हप्ता भरणाऱ्यांकडून. बेफिकीर माणसाचे देणे काळजीवाहू माणसाच्या हप्त्यातून फिटते, या विम्यातील सगळ्यात टोचणाऱ्या सत्याचा येथे उघड स्वीकार झाला.

हे सत्य नीट कळण्यासाठी थोडे गणित मांडू. एका गावात १,००० मोटारवाले आहेत अशी कल्पना करा. वर्षाला १० अपघात होतात आणि दर अपघातामागे सरासरी ४०,००० रुपयांची भरपाई पडते. एकूण ४ लाख रुपये झाले. सर्वांना सारखा हप्ता लावला तर प्रत्येकी ४०० रुपये येतात. कचेरीचा खर्च निराळा. आता समजा, या हजारांपैकी १०० जण असे आहेत की निम्मे अपघात त्यांच्याच हातून होतात. ज्याने त्याने आपल्या धोक्यापुरते द्यावे असे ठरविले तर या शंभरांवर प्रत्येकी २,००० रुपये पडतील आणि उरलेल्या ९०० जणांवर सुमारे २२२. सारखा हप्ता घेतला की नऊशे भल्या माणसांच्या खिशातून प्रत्येकी पावणेदोनशे रुपयांच्या वर रक्कम काढून ती शंभर उडाणटप्पूंच्या पदरात टाकली जाते. विमा म्हणजे परस्परसाहाय्य हे खरे. तथापि वादळात सापडलेल्या शेजाऱ्याला साहाय्य करणे निराळे, आणि रोज छपरावर जळते निखारे फेकणाऱ्याला करणे निराळे.

अमेरिकेत हा विचार एका शेतकऱ्याच्या डोक्यातून निघून धंद्यात उतरला. इलिनॉय राज्यातील ब्लूमिंग्टन येथे जॉर्ज मेचर्ल नावाच्या शेतकऱ्याने १९२२ साली 'स्टेट फार्म' ही परस्पर विमा कंपनी काढली. त्याचा युक्तिवाद सरळ होता. खेड्यातील शेतकरी गाडी थोडी हाकतो, मोकळ्या रस्त्यावर हाकतो, त्याच्या हातून अपघात कमी घडतात. मग शहरातल्या गर्दीत हाकणाऱ्याइतका हप्ता त्याने का भरावा? शेतकऱ्यांपुरता कमी हप्ता ठेवून सुरू झालेली ही कंपनी पुढे अमेरिकेतील सर्वांत मोठी मोटारविमा कंपनी झाली. मेचर्लचा विचार फायद्याचा ठरला, यात शंका नाही. पण त्यात एक खोच आहे. त्याने हाकणाऱ्याला तपासले नव्हते; हाकणारा कोणत्या गटातला, एवढेच पाहिले होते. शेतकऱ्यांतही दांडगट असतो आणि शहरातही सावध मनुष्य असतो. पुढील अर्धशतकात हीच रीत फोफावली. वय, धंदा, राहण्याची पेठ, स्त्री की पुरुष, लग्न झाले की नाही, यांवर हप्ते ठरू लागले. गरीब वस्तीत राहणारा निर्दोष चालक श्रीमंत वस्तीतल्या सदोष चालकापेक्षा अधिक पैसे भरू लागला. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९२७ सालापासून अमेरिकेत प्रथम विमा सक्तीचा केला आणि हप्त्याचे दरही सरकारी अधिकाऱ्याच्या हाती दिले. तेव्हा कोणत्या गावाला कोणता दर, हा तेथे वर्षानुवर्षे राजकारणाचा विषय होऊन बसला.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेऊन आपल्या देशाकडे वळू. हिंदुस्थानात मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ साली झाला. त्यात परवान्याची आणि नोंदणीची व्यवस्था होती, विम्याचे नाव नव्हते. १९३६-३७ साली मोटारविम्याच्या प्रश्नावर सरकारने एक समिती नेमली. तिच्या विचारविनिमयानंतर १९३९ चा मोटार वाहन कायदा आला आणि त्याच्या आठव्या प्रकरणात तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा करण्यात आला. परंतु मध्यंतरी महायुद्ध उभे राहिले आणि हे प्रकरण लांबणीवर पडले. १ जुलै १९४६ रोजी ते अमलात आले. इंग्लंडच्या धर्तीवर विमा कंपनीचे बचाव कायद्याने मोजून दिले होते. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दाव्यात स्वच्छ सांगितले की, हे मोजून दिलेले बचाव सोडून अन्य कोणताही मुद्दा विमा कंपनीला आपल्या नावाने उपस्थित करता येणार नाही. मोटारवाल्याने कंपनीला काय सांगितले किंवा सांगितले नाही, याचे प्रायश्चित्त बहुतांशी तिऱ्हाइताला भोगावे लागू नये, ही त्यामागची दृष्टी होती.

दृष्टी उदार होती. रक्कम मात्र कंजूष. भाड्याने उतारू नेणारी मोठी गाडी उलटली तर कायद्याने विमा कंपनीवर येणारी जबाबदारी दर उतारूमागे २,००० रुपयांपर्यंत आणि एकूण २०,००० रुपयांपर्यंत होती. मालमोटारीसाठीही एका अपघातामागे एकूण मर्यादा २०,००० रुपयांचीच होती. ती १९६९ च्या दुरुस्तीने ५०,००० आणि १९८२ च्या दुरुस्तीने दीड लाख झाली. दिवाणी न्यायालयाचे स्टॅम्प आणि तारखा गरिबाला परवडत नाहीत हे ओळखून १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची सोय केली, हा एक मोठाच सुधार होय. तरी हयगय सिद्ध करण्याचे ओझे जखमी माणसाच्याच डोक्यावर राहिले. मुंबईहून गेलेल्या एका अपिलात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते ओझे उतरविण्यास नकार दिला. हाकणाऱ्याची हयगय दाखविल्याशिवाय मालकावर आणि म्हणून विमा कंपनीवर जबाबदारी येत नाही, असे ठरविले. कायद्याचा अर्थ म्हणून हा निर्णय कोणी बरोबर म्हणो वा न म्हणो, रात्रीच्या वेळी आडरस्त्यावर ज्याचा कर्ता मुलगा चिरडला गेला, त्या बापाने साक्षीदार कोठून आणावेत, हा प्रश्न मागे उरलाच.

यावर दोन दिशांनी उतारा निघाला. एक न्यायालयातून. १९८१ साली सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी 'कोणताही एक अपघात' या कायद्यातील चार अक्षरांचा अर्थ जखमी माणसाच्या बाजूने लावला. एका टकरीत पाच माणसे जायबंदी झाली तर पाहणाऱ्याच्या दृष्टीने तो एक अपघात असेल, पण त्या प्रत्येकावर त्याचा त्याचा अपघात ओढवला आहे; म्हणून विम्याची मर्यादा प्रत्येकाला स्वतंत्रपणे लागू होते, असा तो अर्थ. दुसरा उतारा कायदेमंडळातून आला. १९८२ च्या दुरुस्तीने दोष कोणाचा हे न विचारता मृत्यूबद्दल १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये देण्याची तरतूद केली. ठोकरून पळून गेलेल्या गाडीचा पत्ता लागत नसेल तर मृताच्या वारसांस ५,००० रुपये देण्याचीही सोय झाली. पुढे १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला, आणि तिऱ्हाइताच्या मृत्यूबद्दल व इजेबद्दल विमा कंपनीच्या जबाबदारीची कमाल मर्यादाच नाहीशी झाली. १ एप्रिल २०२२ पासून ठोकरून पळालेल्या गाडीच्या बळीची रक्कम २ लाख झाली, आणि त्याच दिवशी अमलात आलेल्या कलमाने दोष न विचारता मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये देऊ केले. १९३९ पासून येथवर पाहिले तर रेषा एकाच दिशेने गेलेली दिसते. तिऱ्हाइताची भरपाई हाकणाऱ्याच्या गुणदोषांपासून हळूहळू सोडविण्यात आली, आणि ते योग्यच झाले.

याच वाटेवर २००४ सालचा एक निर्णय फार बोधप्रद आहे. चालकाचा परवाना खोटा निघाला, तर कंपनीने हात वर करावेत काय? सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, तेवढ्यावर कंपनीची सुटका नाही. तिऱ्हाइताला तिने आधी पैसे द्यावेत. मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने असा चालक ठेवला असे सिद्ध झाले, तर ते त्याच्याकडून मागाहून वसूल करावेत. 'आधी द्या, मग वसूल करा' या सूत्रात आमच्या विषयाचे सगळे सार आले आहे. विम्याची कर्तव्ये दोन. ज्याचे नुकसान झाले त्याला उभे करणे हे पहिले, आणि ज्याने नुकसान केले त्याच्या खिशाला ते जाणवू देणे हे दुसरे. पहिल्याच्या आड दुसरे येता कामा नये. पण पहिले पार पडले म्हणून दुसरे विसरताही कामा नये.

आणि नेमके हे विसरणे आपल्याकडे झाले. १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. मोटारविम्याचे दर अखिल भारतीय दरपत्रकाने ठरत. गाडीचे इंजिन केवढे, ती किती जुनी, नोंदणी कोणत्या शहरातली, यावर हप्ता बसे. हाकणारा कसा, हे कोणी विचारीत नसे. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे दर खुले झाले, तिऱ्हाइताच्या विम्याचे मात्र सरकारी नियंत्रणातच राहिले. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरात १,००० घन सेंटिमीटरपर्यंतच्या खासगी मोटारीला २,०९४ रुपये, १,५०० पर्यंतच्या गाडीला ३,४१६ आणि त्यावरील गाडीला ७,८९७ रुपये होते. वीस वर्षे एक ओरखडाही न उमटविलेला मनुष्य आणि दारू पिऊन गाडी हाकताना दोनदा पकडलेला मनुष्य यांच्या गाड्या सारख्या असतील तर हा हप्ता दोघांना सारखाच. ज्या विम्यात माणसांच्या जिवाचा हिशेब आहे, त्यातच वर्तनाला किंमत नाही.

मग वर्तनाला किंमत आहे कोठे? स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो ऐच्छिक विमा, त्यात 'नो क्लेम बोनस' म्हणून एक सवलत आपल्याकडे रूढ आहे. एक वर्ष मागणी केली नाही तर त्या हप्त्यात २० टक्के सूट. पुढे २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. एकदा मागणी केली की सामान्यतः पुन्हा शून्यापासून आरंभ. ही सवलत चांगली आहे, पण ती सावधपणाचे बक्षीस आहे असे समजणे ही समजूत पुरती खरी नाही. ती मागणी न करण्याचे बक्षीस आहे. दारात उभी केलेली गाडी मध्यरात्री कोणी ठोकरून गेला आणि मालकाने खर्च मागितला, तर त्याची सूट गेली. दुसरा एक जण रोज सिग्नल मोडतो, चुकीच्या बाजूने घुसतो, पण नशिबाने अजून कोठे आदळला नाही. त्याची सूट वाढतच जाते. लोकही किरकोळ नुकसान पदरचे पैसे खर्चून दुरुस्त करतात आणि सूट राखतात. यात दोष कोणाचा, ही विचारणाच नाही.

ही विचारणा करता येते, याचे उदाहरण फ्रान्स देश आहे. तेथे १९७६ पासून हप्त्याला एक गुणक लावतात. आरंभी तो १ असतो. निर्दोष वर्षामागे तो ५ टक्क्यांनी उतरतो, आणि सुमारे तेरा वर्षे सांभाळून हाकले की ०.५० वर येतो, म्हणजे हप्ता निम्मा होतो. ज्या अपघातात दोष पूर्णपणे आपला, त्यामागे तो २५ टक्क्यांनी चढतो. दोष अर्धा असेल तर १२.५ टक्क्यांनी. वरची मर्यादा ३.५० ची आहे. दोष दुसऱ्याचा असेल तर गुणकाला धक्का लागत नाही. याच देशाने ५ जुलै १९८५ रोजी, न्यायमंत्री रोबेर बादँतेर यांच्या काळात, दुसरा कायदा केला. त्यान्वये मोटारीखाली सापडलेल्या पादचाऱ्याला त्याची स्वतःची थोडीफार चूक असली तरीही शारीरिक इजेची भरपाई मिळते. सोळा वर्षांखालील मुले आणि सत्तरीवरील वृद्ध यांना तर विशेष संरक्षण आहे. हे दोन नियम एकत्र ठेवून पाहा. जखमी माणसाला जवळजवळ काहीच विचारायचे नाही, आणि हाकणाऱ्याला सर्व काही विचारायचे. दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पाळता येतात, हे यावरून दिसून येईल.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या नोव्हेंबरात सार्वमताने असेच काहीसे ठरविले. हप्ता ठरविताना प्रथम हाकणाऱ्याचा सुरक्षिततेचा पूर्वेतिहास पाहावा, मग वर्षाला तो किती मैल हाकतो ते, आणि मग त्याचा अनुभव किती वर्षांचा ते. बाकीच्या गोष्टी यांच्या मागाहून. पेठ आणि पत्ता पाहून दर लावण्याच्या रीतीवर सामान्य मतदारांनी दिलेला हा निकाल होता. युरोपीय न्यायालयाने २०११ साली स्त्री-पुरुष भेदावर आधारलेले हप्ते बेकायदेशीर ठरविले, आणि २१ डिसेंबर २०१२ पासून ते नव्या करारांतून गेले. माणूस कोणत्या गटात जन्मला हे त्याच्या हाती नसते, गाडी कशी हाकावी हे असते, या विचाराकडे जग अशा रीतीने सावकाश सरकले आहे.

आपल्याकडेही हालचाल झाली. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली एक कार्यगट नेमला. जानेवारी २०२१ मध्ये त्याचा अहवाल पुढे आला. त्यात वाहतुकीचे नियम मोडण्याला गुण ठरवून त्यांवर वेगळा हप्ता बसविण्याची, आणि प्रथम दिल्लीच्या परिसरात हे करून पाहण्याची शिफारस होती. दारू पिऊन हाकण्याला १०० गुण आणि भलत्या जागी गाडी उभी करण्याला १०, असे ते प्रमाण होते. जुलै २०२२ मध्ये प्राधिकरणाने गाडी किती हाकली आणि कशी हाकली यावर हप्ता ठरविण्याची मुभाही कंपन्यांना दिली. पण ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरती.

या सुधारणेस दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, आपल्या देशात गाडी हाकतो एक आणि हप्ता भरतो दुसरा. मालमोटार, भाड्याची जीप, शाळेची गाडी, सर्वत्र पगारी ड्रायव्हर असतो. त्याच्या बेफिकिरीचा भुर्दंड मालकाला का? आमचे उत्तर असे की, बेफिकिरी पुष्कळदा ड्रायव्हरच्या स्वभावात नसते, मालकाच्या वेळापत्रकात असते. मोटार वाहतूक कामगारांचा दिवस आठ तासांचा आणि आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा, असे १९६१ च्या कायद्याने सांगितले. तो मनुष्य चौदा-सोळा तास चाकावर बसून घाटात डुलकी घेतो, तेव्हा ती डुलकी एकट्या त्याची नसते. मालकाचा हप्ता वाढला म्हणजे तो वेळापत्रकाकडे पाहील, ब्रेककडे पाहील, आणि नोकरीवर घेताना परवाना खरा आहे ना हेही पाहील.

दुसरा आक्षेप अधिक बिकट आहे. हप्ता फार चढविला तर दांडगा मनुष्य सुधारणार नाही, विमाच उतरविणार नाही. आणि मग त्याच्या चाकाखाली सापडणाऱ्याचे काय? ही भीती कल्पित नाही. आपल्याकडे विशेषतः दुचाक्यांचा विमा पहिल्या वर्षानंतर चालू ठेवलाच जात नाही, असा अनुभव आल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तिऱ्हाइताचा विमा एकदम काढणे सक्तीचे झाले. विमा नसल्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या खेपेस २,००० रुपये झाला. हप्ता जर दंडाहून भारी, तर हिशेबी मनुष्य दंडच पत्करील. उलट कंपन्यांची बाजूही आहे. दर दाबून ठेवले तेव्हा मालमोटारींचा तिऱ्हाइताचा विमा उतरविण्यास त्या नाखूश झाल्या. शेवटी २००७ ते २०१२ पर्यंत सर्व कंपन्यांना एक सामाईक निधी करून तो तोटा वाटून घ्यावा लागला. म्हणजे दर चढविला तर मोटारवाला पळतो, दाबला तर विमा कंपनी पळते. पळता येत नाही ते फक्त रस्त्यावरच्या माणसाला.

म्हणून आमच्या मते मार्ग मधला असला पाहिजे, आणि तो सापडण्याजोगा आहे. तिऱ्हाइताच्या विम्याचा मूळ दर सर्वांना परवडेल असाच राहावा. त्यावर दोषाप्रमाणे चढउतार असावा, पण त्याला फ्रान्सप्रमाणे खालची आणि वरची मर्यादा असावी. चढ मागणी केल्याबद्दल नसावा. सिद्ध झालेल्या दोषाबद्दल आणि वारंवार मोडलेल्या नियमांबद्दल असावा. विमा आहे की नाही हे कागद हाती घेऊन तपासण्याचे दिवस गेले, नोंदणी क्रमांकावरून ते कळू शकते. ती तपासणी नित्याची व्हावी. आणि हे सर्व होत असताना जखमी माणसाचा हक्क जसा आहे तसाच अबाधित राहावा. हाकणारा कसाही असो, त्याचा गुणक केवढाही असो, भरपाई आधी मिळाली पाहिजे. वसुलीचे भांडण मालक आणि कंपनी यांनी मागाहून आपापसांत भांडावे.

२०२२ साली भारताच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत महाराष्ट्रातील १५ हजारांहून अधिक. एवढ्या मृत्यूंना अपघात म्हणताना जीभ अडखळते. नियम मोडल्यामुळे जे घडते त्याला दैव म्हणण्याची सवय आपल्याला आहे, आणि ती सवय बेफिकीर माणसाला फार सोयीची आहे. विमा माणसाचा जीव परत आणीत नाही. पण नीट रचलेला विमा दोन गोष्टी करू शकतो: ज्या घरावर घाला पडला त्या घराची चूल विझू देत नाही, आणि ज्याच्या हातून तो पडला त्याला ती गोष्ट दैवाच्या खाती टाकू देत नाही. यांतील पहिली गोष्ट साधण्यास आपल्या देशाला १९४६ पासून पुष्कळ वर्षे लागली. दुसरी अजून व्हायची आहे. जोखमी हुंडी घेणारा सावकार तांडेल पाहून व्यवहार करीत असेल, तर आपण निदान चाकावर कोण बसला आहे एवढे तरी पाहावयास हवे. कारण या व्यवहारात बंदरावर माल उतरण्याची वाट पाहत कोणी व्यापारी बसलेला नाही, रस्त्यावरून आपलीच माणसे घरी परत यावयाची आहेत.